जाळीतल्या नोटा

"इकडे ये वेंडेल. दर वेळी टोपी हलवून पळतोस. आज घेतल्याशिवाय सोडणार नाही तुला."

मिसेस ऑडेल लोखंडी जाळीला नाक लावून उभ्या होत्या. हातात एक डॉलरची नोट, विडीसारखी वळलेली. नोटेचं टोक जाळीच्या भोकातून मैदानाच्या बाजूला आलं होतं. त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं आपापल्या नोटा वळत उभी होती आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर पुण्य केल्याचा आनंद होता.

आमच्या कॅल्डर फोर्डची ही जुनी रीत. आपल्या खेळाडूने चेंडू कुंपणापलीकडे मारला, होम रन झाला, की त्याने जाळीपाशी जायचं आणि लोकांनी भोकांतून सारलेल्या नोटा टोपीत गोळा करायच्या. लाकूड कारखान्यातल्या कामगारांनी कधीतरी सुरू केली म्हणतात. गावाला तिचा फार अभिमान. खेळाडूंना काय वाटतं, हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मी चोवीस वर्षं या संघाचं क्लबहाउस सांभाळतोय, मीही कधी विचारलं नाही.

एकोणीस-वीस वर्षांची पोरं नोटांसाठी धावत सुटायची. वेंडेल स्टंबो तसा नव्हता. तो आमचा कॅचर. पिचरने टाकलेला चेंडू झेलायला फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवं बसायचं, यात त्याची सात वर्षं गेली होती. वय अठ्ठावीस, पण गुडघे माझ्या वयाचे. मोठ्या शहरातल्या मोठ्या मैदानावर तो कधी जाणार नाही, हे आमचा संघ ज्यांच्या मालकीचा, त्या वरच्या क्लबला ठाऊक होतं आणि त्यालाही. नव्या पिचर पोरांना वळण लावायला म्हणून त्याला ठेवला होता. वर्षातून चार-पाच होम रन मारायचा आणि प्रत्येक वेळी जाळीकडे बघून टोपी हलवून सरळ आत यायचा. "मी पगारी माणूस आहे, पॉप," मला म्हणायचा; सगळी पोरं मला पॉपच म्हणतात. "वाढप्याला देतात तशी बक्षिसी मला नको."

पगारी म्हणे. पगार महिन्याला सातशे डॉलर, तोही एप्रिल ते ऑगस्ट, पाच महिने. मार्चच्या सरावाचा छदाम नाही. हिवाळ्यात तर तुम्ही कोण नि आम्ही कोण. परगावी सामना असला की खाण्यापिण्याला रोजचे अकरा डॉलर. पोरं त्यात एकदाच जेवायची आणि उरलेले खोलीच्या भाड्याला लावायची. बूट स्वतःचे, हातमोजा स्वतःचा, धड बॅट हवी असली तर तीही स्वतःची. पाच जणांत दोन खोल्या, जमिनीवर गाद्या. आणि या सगळ्यावर मी. कपडे धुवायचे, बुटांना पॉलिश करायचं, सामन्यानंतर पाव, शेंगदाण्याचं लोणी आणि टोमॅटोचं सूप मांडायचं, यासाठी घरच्या मैदानावर मी माणशी रोज तीन डॉलर घ्यायचो. क्लब मला जे देतो त्यात माझं भागत नाही. म्हणजे अर्धपोटी पोरांच्या जिवावर जगणाऱ्यांत मीही आहेच. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

तर त्या रविवारी दुपारी वेंडेलने होम रन मारला, टोपी हलवली, चार पावलं आत आला आणि थांबला. मग मागे वळला आणि जाळीकडे गेला. मी टॉवेलचा गठ्ठा घेऊन बाकड्याशी उभा होतो. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना.

त्याने हेल्मेट उलटं करून काखेत धरलं आणि एकेक नोट खेचायला सुरुवात केली. मिसेस ऑडेल म्हणाल्या, "बाळाच्या लंगोटांना हो. बायको कशी आहे?" तो म्हणाला, "बरी आहे, मॅडम. आभारी आहे." प्रत्येकाला आभारी आहे म्हणत तो पुढे सरकत होता. हार्डवेअरच्या दुकानाच्या मालकाने पाचाची नोट भोकातून सारली आणि आपल्या बाजूचं टोक सोडेचना. वेंडेल ओढतोय, हा हसतोय.

"आधी एक उडी मारून दाखव. पाचाची आहे, फुकट नाही."

आजूबाजूचे हसले. वेंडेलही हसला. आणि त्याने उडी मारली. सात वर्षं उकिडवं बसून गुडघे झिजलेला, घामाने भिजलेला तो धिप्पाड माणूस जागच्या जागी एक लहानशी उडी मारून पुन्हा हात पुढे करून उभा राहिला. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

पण निघालो नाही, कारण तेवढ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तो सगळ्या नोटा डाव्या हातानेच खेचत होता. उजवा हात पाठीशी होता.

सामना संपल्यावर पोरं आंघोळी करून निघून गेली. वेंडेल मागे राहिला. मी सुपाचं भांडं घासायचं सोडून त्याच्यासमोर स्टूल ओढलं.

"हात दाखव."

"कुठला?"

"नोटांना लाजतो तो."

त्याने उजवा हात मांडीवर ठेवला. मधलं बोट वांग्यासारखं सुजलं होतं आणि वरच्या पेरापाशी एका बाजूला कलंडलं होतं. नख मात्र छान गुलाबी रंगवलेलं. कॅचर मांड्यांच्या मधोमध बोटांनी खुणा करतो, एक बोट म्हणजे असा चेंडू टाक, दोन म्हणजे तसा. पिचरला लांबून बोटं दिसावीत म्हणून नखं रंगवायची पद्धत आहे. वेंडेलकडे त्याच्या बायकोची, नेडाची, नखरंगाची बाटली असायची. मोसमाला निघताना ती त्याच्या पिशवीत टाकून द्यायची.

"कधी झालं?"

"बुधवारी. बॅटची कड घेऊन चेंडू आला, सरळ बोटावर."

"बुधवारी? आणि आज होम रन?"

"बॅट चार बोटांनी धरली होती. लागला आपला. मलाच नवल वाटलं."

"गिबला दाखवलंस?" गिब म्हणजे आमचा मलमपट्टीवाला. बसही तोच चालवतो.

"गिबला दाखवलं म्हणजे स्किपला दाखवलं. आणि स्किपला दाखवलं म्हणजे वरच्यांना." स्किप म्हणजे संघाचा मॅनेजर, आमच्याकडे सगळ्या मॅनेजरांना स्किपच म्हणतात. "पॉप, नेडाला बाळंतपणाची बावीस ऑगस्टची तारीख दिलीय. मागचं मूल कसं गेलं ते सांगितलंय मी तुम्हाला. या वेळी डॉक्टर म्हणतो घरी नको, मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच करायचं. तीन हजारांच्या घरात जाईल. माझं नाव संघाच्या यादीत आहे तोवर विमा आहे. नाव गेलं की विमा गेला. मला फक्त ऑगस्ट संपेपर्यंत तिथे उकिडवं बसायचंय. बाकी काही नको."

"आणि दुखतंय म्हणून सांगितलं तर?"

"तर दुसरा कॅचर मागवतील. तो आला की माझं काय काम?"

मी मान डोलावली. मला ते पटलं. चोवीस वर्षं मी हेच ऐकत आलो होतो. क्लबहाउसमध्ये दुखणं दाखवायचं नाही. दाखवलं की गेलास. पोरं खांदे निखळलेले घेऊन खेळायची, तापात खेळायची, आणि मी त्यांना गरम पाण्याच्या पिशव्या गुपचूप द्यायचो आणि मनातून स्वतःला मोठा दयाळू समजायचो.

त्या दिवशीही तसंच केलं. खाली जाऊन आईसक्रीमच्या दोन काड्या आणल्या, बोटाच्या दोन्ही बाजूंना लावल्या, वर पातळ चिकटपट्टी गुंडाळली. त्याने ओठ चावले पण आवाज काढला नाही. मग पट्टीच्या टोकावर, जिथे नख असायला हवं तिथे, मी त्या बाटलीतला गुलाबी रंग लावला.

"छान बांधलंत," तो म्हणाला. "आता तेवढं ते मोजा. माझ्याने त्या वळकट्या सुटत नाहीत."

मी हेल्मेटमधल्या नोटा मोजल्या. एकूण अडतीस डॉलर. हार्डवेअरवाल्याचा पाच, बाकी सगळे एकेक. सपाट करून देऊ का विचारलं तर नको म्हणाला. होत्या तशाच वळकट्या तंबाखूच्या रिकाम्या डबीत कोंबल्या आणि झाकण लावलं.

"बाळाचं काहीतरी घे त्यातून."

"बाळाचं काही नाही घेणार यातून," तो म्हणाला.

त्यानंतरचे तीन आठवडे मी रोज सामन्याआधी ते बोट बांधत होतो आणि रोज मैदानावर त्याची फजिती बघत होतो. जाड पट्टीमुळे दोन बोटं दाखवली की तीन, हे पिचरला कळेना. वेंडेलने बोटांऐवजी मूठ आणि तळवा अशा नव्या खुणा काढल्या, त्याने पोरं आणखी गोंधळली. पिचरची नजर चुकवून पुढच्या तळाकडे धावणाऱ्याला बाद करायला त्याने फेकलेला चेंडू कुठेही जायचा. बॅटला तर जीवच उरला नव्हता. गावची मंडळी ओरडायची, "वेंडेल, झोपलास काय? बाप व्हायच्या आधीच?" मिसेस ऑडेलही ओरडायच्या. त्यांना काय माहीत? मला माहीत होतं आणि मी गप्प होतो, कारण मला वाटत होतं की मी त्याला मदत करतोय.

एकोणतीस जुलैला सकाळी दहा वाजता स्किपने मला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक छापील कागद होता. तो कागद मी ओळखून होतो.

"वेंडेलला पाठव," स्किप म्हणाला. "आणि तूही ये. साक्षीदार लागतो."

आमच्याकडे हा निरोप नेहमी मीच सांगतो. 'स्किप बोलावतोय', तीन शब्दसुद्धा नाहीत, दोनच. पण मी ते म्हटले की सगळी खोली गप्प होते आणि जो तो आपल्या बुटांच्या नाड्या बघायला लागतो. वेंडेल संध्याकाळच्या सामन्यासाठी नखं रंगवत बसला होता. मी म्हटलं. त्याने बाटलीचं बूच लावलं, रंग वाळावा म्हणून नखांवर फुंकर घातली आणि उठला.

स्किप वाईट माणूस नाही. वाईट माणूस कोण ते मला अजून कळलेलं नाही, कारण मी पाहिलेला प्रत्येक जण दुसऱ्या कुणाचा तरी निरोप सांगत असतो.

"वरून फोन आला, पोरा," तो म्हणाला. "तुला मोकळं केलंय."

हाच शब्द वापरतात. मोकळं केलं. जसं काही सात वर्षं दोर लावून बांधून ठेवलं होतं आणि आता दया आली.

"ऑगस्टअखेरपर्यंत तरी, स्किप," वेंडेल म्हणाला. "बसून राहीन. पिचरना चेंडू झेलून देईन. खेळवू नका मला."

"नवा पोरगा उद्या पोचतोय. बत्तीस हजार मोजलेत त्याच्या सहीसाठी. माझ्या हातात असतं तर..." स्किपने वाक्य अर्धंच ठेवलं आणि कागद पुढे सारला. "कुठे काही दुखतंय-खुपतंय? विचारावं लागतं. छापलेलं आहे."

वेंडेलचा उजवा हात खिशात होता. आता तरी सांगेल, असं मला वाटलं.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला.

स्किप खिडकीबाहेर मैदानाला पाणी घालणाऱ्या माणसाकडे बघत राहिला. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही. वेंडेलने खिशातून हात काढला, आम्हा दोघांकडे पाठ करून वाकला आणि सही केली. त्याला बराच वेळ लागला. मग स्किपने पेन माझ्याकडे दिलं.

चोवीस वर्षांत मी त्या कागदावर शंभरेक सह्या केल्या असतील. वाचला कधी नव्हता. त्या दिवशी का वाचला कोण जाणे. बहुधा सही करायला मन होत नव्हतं म्हणून डोळे रेंगाळले. साक्षीदाराच्या रेघेच्या बरोब्बर वर बारीक अक्षरात लिहिलं होतं की, खेळताना इजा झालेल्या खेळाडूला हंगाम संपेपर्यंत मोकळं करता येणार नाही; त्याचा पगार, उपचार आणि कुटुंबाचा विमा तोपर्यंत चालू राहील. त्याखाली, खेळाडूला कोणतीही इजा नाही याची खालील साक्षीदारास खात्री आहे.

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे ज्या बुधवारी बोट मोडलं त्याच बुधवारी तो जाऊन म्हणाला असता, की बोट मोडलंय, तर त्याला कुणी हात लावू शकलं नसतं. आम्ही दोघा शहाण्यांनी तीन आठवडे रोज आईसक्रीमच्या काड्या बांधून त्याचा विमा घालवला होता.

"आटप आर्लिस," स्किप मला म्हणाला. "मला अकराला फोन करायचाय."

बोलायचं म्हटलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, की तुला कसं ठाऊक, आणि कधीपासून? दुखणं लपवायला मदत करणाऱ्या माणसाला क्लब ठेवत नाही. मी एकसष्ट वर्षांचा, धुलाईशिवाय दुसरं काही येत नाही. हे सगळं माझ्या डोक्यात एवढ्या झटकन आलं की मलाच माझी शिसारी आली. मी सही केली.

वेंडेल सामान भरत होता. मी त्याच्यापाशी जाऊन उभा राहिलो.

"बोलला का नाहीस?"

"आता बोलून काय? मोडक्या बोटाचा कॅचर म्हणून कागदावर आलं तर दुसरा कुठला क्लब घेणार मला? कॅचर सगळ्यांना कमी पडतात. आठवड्याभरात एखादा फोन येईलसुद्धा." त्याने बोटावरची पट्टी सोडून काड्या माझ्या हातात दिल्या. "तुमचे या पंधरवड्याचे राहिलेत, पॉप. अकरा दिवसांचे. घरी गेलो की पाठवतो."

"राहू दे रे."

"राहू दे काय? कपडे काय फुकट धुतलेत?"

त्याच्याकडच्या कागदाची घडी त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होती. 'तो वाच, बारीक अक्षरातलं वाच,' एवढं म्हणायचं होतं. स्किपचं दार दहा पावलांवर होतं आणि उघडं होतं. मी म्हटलं, "बसमध्ये खायला पाव देतो बांधून." चार पाव बांधून दिले. तो घरी, केंटकीला जाणाऱ्या बसने गेला आणि मी त्याच्या कपाटावरची नाव लिहिलेली चिकटपट्टी सोलून काढली. हेही माझंच काम.

तीन दिवसांनी त्याच्या नावाने एक लांबट खोकं आलं. एप्रिलमध्ये त्याने स्वतःच्या पैशाने मागवलेल्या बारा बॅट. कारखाना आपल्याला वेळ मिळेल तेव्हा बनवतो, त्याला कुणाच्या मोसमाची काय पडलीय? प्रत्येक बॅटवर तापवलेल्या लोखंडाने नाव उमटवलेलं, वेंडेल स्टंबो. मी त्याला कळवलं, तर तो फोनवर म्हणाला, विकून टाका, इथे काय जळण करू? पोरांनी त्या हातोहात घेतल्या. "नाव कुणाचंही असो, पॉप, लाकूड झकास आहे." नव्या कॅचरने दोन घेतल्या. दुसऱ्याच दिवशी त्याने त्यातल्या एकीने होम रन मारला आणि दोन्ही हातांनी जाळीतल्या नोटा ओढल्या. मिसेस ऑडेल त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "किती गोड पोरगं आहे."

बॅटचे पैसे मी त्याला पाठवून दिले. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी टॉवेलच्या घड्या घालत असताना, नेडाचा फोन आला.

जूनमध्ये ती एकदा येऊन गेली होती. ठेंगणी, बडबडी, माझ्यासाठी सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी घेऊन आलेली. फोनवर आवाज ओळखू आला नाही.

"मिस्टर टॅकेट, मी नेडा. तो वखारीत गेलाय कामाला. मी फोन केला हे त्याला सांगू नका."

"नाही सांगत. बरी आहेस ना, पोरी?"

"बोट वाकडंच राहिलंय त्याचं. इथल्या डॉक्टरने फोटो काढला. म्हणाला, महिना झाला मोडून. मग मी तो कागद वाचायला घेतला. त्याने वाचलाच नव्हता. तो कशाला वाचेल? तो आपला रोज फोनपाशी बसतो." पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. "खाली तुमची सही आहे."

मागे यंत्रात कपडे गरागरा फिरत होते.

"दवाखान्यात हजार आधी भरा म्हणतात. इथे एक वकील आहे, आमच्या चर्चमधलाच, पैसे नाही घेणार. तो म्हणतो, संघातल्या एका माणसाने दोन ओळी लिहून दिल्या, की बोट खेळताना मोडलं आणि मी ते पाहिलं, तर क्लब गुमान पैसे देईल. कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागणार नाही. दोनच ओळी, मिस्टर टॅकेट."

खोटं कसं सुचतं पाहा. विचार करावा लागत नाही. तोंडात तयारच असतं.

"मी कपडे धुतो, पोरी. खेळाडूंच्या दुखण्याखुपण्यातलं मला काय कळणार?"

मी हातातल्या टॉवेलची घडी पुन्हा घातली.

"बरं," ती म्हणाली. "आईसक्रीमच्या काड्या लावल्या होत्या ना तुम्ही? त्याने सांगितलं होतं मला तेव्हाच. म्हणाला, पॉपने फार छान बांधलंय. वर नखसुद्धा काढलंय म्हणाला. आम्ही हसलो होतो."

तिने फोन ठेवला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. उरलेल्या टॉवेलच्या घड्या मी घातल्या आणि सूप चुलीवर ठेवलं, कारण पाचला पोरं यायची होती आणि त्यांच्याकडून मी तीन डॉलर घेत होतो. रात्री एकदा कागद काढून बसलोही. दोन ओळी लिहिल्या. तो कागद पुष्कळ दिवस पाकिटात होता. मग पाकिटासकट पँट धुण्यात गेली. मुद्दाम टाकली की चुकून, याचा मी नीट विचार केलेला नाही.

ऑगस्टअखेर मोसम संपला. पोरं ज्याच्या त्याच्या गावी रंग मारायला, ट्रक भरायला, छपरं शाकारायला निघून गेली. सप्टेंबरात क्लबहाउसमध्ये मी एकटा वर्षाचे शेवटचे कपडे इस्त्री करत होतो. तेव्हा टपालाने एक फुगीर पाकीट आलं. केंटकीचा शिक्का.

आत चिठ्ठी होती. अक्षर नेडाचं असावं. मजकूर त्याचाच होता, त्याच्या बोलण्यासारखा. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. दवाखान्याचे महिना चाळीस डॉलरप्रमाणे फेडायचे ठरलेत, मुलगी शाळेत जाईपर्यंत फिटतील. फोन अजून कुठून आला नाही. तुमचे अकरा दिवसांचे राहिले होते ते पाठवतोय. वर जे उरतील ती तुमची बक्षिसी.

खाली सही तेवढी त्याची. पूर्वी चेंडूवर सही मागणाऱ्या पोरांना तो झोकात सही करून द्यायचा. ही सही एखाद्या पहिलीतल्या मुलाने केल्यासारखी होती, आणि शेवटचं अक्षर रेघेवरून खाली घसरलं होतं.

अकरा दिवसांचे तेहेतीस होत होते. मी पाकीट टेबलावर उलटं केलं. वळकट्या गडगडत बाहेर आल्या. मोजायची गरज नव्हती, तरी मोजल्या. अडतीस. त्यात एक पाचाची. एकही नोट त्याने मोडली नव्हती, ना बाळाला, ना दवाखान्याला.

इस्त्री तापलेलीच होती. मी एक नोट घेतली, उलगडली, टेबलावर ठेवून वर पाणी शिंपडलं आणि इस्त्री दाबून धरली. नोट सपाट झाली. इस्त्री उचलली तशी ती कडेने हळूहळू वर येऊ लागली आणि पुन्हा गुंडाळून बसली. दुसरी घेतली. तीही तशीच. अडतीस डॉलर होईतो मी इस्त्री फिरवत होतो.